विमान-पंखांचे कापडी आवरण

विमान-पंखांचे कापडी आवरण : हलक्या विमानाच्या पंखाच्या लाकडी वा धातूच्या सांगाड्यावर ताणून, शिवून व विशिष्ट रोगणाने घट्ट करून बसविलेले कापड. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत बहुतेक विमानांचे पंख अशा रीतीने मढविलेले असत. धातूचा पत्रा प्रचारात आल्यावर मोठ्या विमानांतून कापड मागे पडले. तथापि प्रशिक्षणाची हलकी विमाने, ग्लायडरे व जतन केलेली जुनी विमाने यांत ते टिकून राहिले.

पंखात लांबीच्या दिशेने तुळया व त्यांना आडव्या जोडलेल्या फासळ्या असतात. फासळ्यांमुळे पंखाला योग्य वक्रता येते. हवेचा दाब प्रत्यक्ष झेलणारा पृष्ठभाग मात्र कापडाचा असतो. उड्डाणात पंखाच्या वरच्या बाजूस दाब कमी होत असल्याने तेथील कापड सतत वर ओढले जाते. ते फासळ्यांपासून सुटल्यास फुगते, पंखाचा आकार बिघडतो व विमानाला उचलून धरणारे बल घटते. म्हणून कापडाच्या बळकटीइतकेच त्याच्या टाक्यांना महत्त्व आहे.

इतिहास : राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी उडविलेल्या विमानाचे पंख बाजारात मिळणाऱ्या, न धुतलेल्या साध्या सुती मलमलीने मढविले होते. कापडाचे धागे सांगाड्याशी तिरपे, ४५ अंशांच्या कोनात येतील अशा बेताने ते बेतले होते. त्यामुळे ताणलेले धागेच सांगाड्याला तिरप्या आधारांप्रमाणे बळकटी देत. या कापडावर रोगणाचा लेप नव्हता. पुढे यूरोपात जवसाच्या झाडाच्या तंतूंपासून बनविलेले लिनन सर्वाधिक पसंत केले जाऊ लागले, कारण ते वजनाच्या मानाने बळकट असून फाटण्यास चांगला विरोध करते.

पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) विमानांची मागणी वाढली, तर बेल्जियम व रशिया येथून येणाऱ्या जवसतंतूंचा पुरवठा खुंटला. त्यामुळे अमेरिकेत लिननऐवजी वापरता येईल असे सुती कापड सिद्ध करण्यात आले. विंचरलेल्या लांब धाग्याच्या कापसाचे मर्सरीकृत सूत, साधी वीण, इंचाला उभी व आडवी सु. ८० सुते आणि एक इंच रुंदीच्या पट्टीस किमान ८० पौंड (सु. ३६ किग्रॅ.) ताणबल, ही या कापडाची प्रमुख लक्षणे होत. ‘ग्रेड ए’ या नावाने ते अनेक दशके प्रमाणभूत राहिले.

एक सूत वर व एक सूत खाली अशी ही साधी वीण महाराष्ट्रातील विणकरांच्या नित्य परिचयाची आहे. राइट बंधूंच्या उड्डाणानंतरच्याच वर्षी, म्हणजे १९०४ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी येथे विठ्ठलराव दातार यांनी तेथील पहिला यंत्रमाग सुरू केला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या उत्तेजनाने वाढलेल्या या गावाच्या वस्त्रोद्योगात धोतरे, पॉपलीन इ. कापड याच विणीने विणले गेले. विमानाचे कापड त्याहून वेगळे ठरते ते विणीमुळे नव्हे, तर सुताचा दर्जा, दोन्ही दिशांतील समान बळकटी व काटेकोर चाचणी यांमुळे. वस्त्राच्या ठाणातील एखाद्या तुटक्या सुतामुळे त्याची किंमत उतरते. पंखावरील तोच दोष वैमानिकाच्या जिवावर बेतू शकतो.

जोडणी : कापड पंखावर दोन प्रकारे चढवितात. एका प्रकारात पट्ट्या यंत्रावर शिवून पंखाच्या मापाची खोळ तयार करतात. दुसऱ्या प्रकारात अखंड कापड पंखाभोवती गुंडाळून कडा हाताने शिवतात. पाण्याने भिजविलेले सुती कापड वाळताना आटून ताणले जाते. नंतर प्रत्येक फासळीवर मजबुतीची फीत ठेवून, लांब सुईने मेण लावलेला लिननचा दोरा पंखाच्या वरच्या पृष्ठातून खालच्या पृष्ठात आणि परत वर असा फासळीभोवती ओवतात. प्रत्येक टाक्याला स्वतंत्र गाठ मारतात. त्यामुळे एक टाका तुटला, तरी शेजारचे उसवत नाहीत. पंख्याचा झोत जेथे लागतो तेथे टाके अधिक जवळ घालतात. शेवटी टाक्यांवर कातरलेल्या कडांची फीत रोगणाने चिकटवितात.

या रोगणास डोप म्हणतात. सेल्युलोज नायट्रेट किंवा सेल्युलोज ॲसिटेट विद्रावकात विरघळवून ते बनवीत. वाळताना ते कापडाला आणखी ताणते व त्याची छिद्रे बुजविते. नायट्रेटाचे डोप झटकन पेट घेते. ॲसिटेटाच्या डोपात सुरुवातीस वापरलेल्या टेट्राक्लोरोएथेन या विद्रावकाने पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधील कारखान्यांतील अनेक कामगारांना विषारी कावीळ झाली व काही दगावले. त्यानंतर तो वर्ज्य करण्यात आला.

भारतातील वापर : भारतात १९२८ पासून स्थापन झालेल्या फ्लाइंग क्लबांमधील मॉथ विमाने कापडाने मढविलेली होती. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले, ते पुस मॉथ विमानही याच वर्गातील होय. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जात असल्याने ही सेवा पुण्याहून चालवावी लागे. स्वातंत्र्योत्तर काळात बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याने बनविलेले पुष्पक (प्रथम उड्डाण १९५८) व पुण्याजवळील हडपसरसारख्या केंद्रांतून वापरली गेलेली लाकडी ग्लायडरे यांमुळे हे कसब देशात चालू राहिले.

ऱ्हास व परीक्षा : ऊन व दमटपणा हे सुती आवरणाचे मुख्य शत्रू होत. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण धाग्यांना ठिसूळ करतात. त्यांना अडविण्यासाठी डोपाच्या मधल्या थरांत ॲल्युमिनियमची पूड मिसळतात. बुरशीविरुद्ध पहिल्या थरात बुरशीनाशक घालतात व आत साचणारे पाणी निघून जावे म्हणून खालच्या बाजूस भोके ठेवतात. कापडाची बळकटी मूळ किमान प्रमाणाच्या ७० टक्क्यांखाली गेल्यास, म्हणजे ‘ग्रेड ए’ कापडाच्या बाबतीत इंचाला ५६ पौंडांखाली गेल्यास, आवरण बदलावे लागते. वरून चकचकीत दिसणाऱ्या रंगाखालचे कापड कुजलेले असू शकते. म्हणून परीक्षा डोळ्यांनी न करता मापनाने करतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुती कापडाची जागा पॉलिएस्टरने घेतली. ते पाण्याऐवजी इस्त्रीच्या उष्णतेने आटविले जाते, कुजत नाही व अधिक काळ टिकते. कापड बदलले, तरी हाताने घालावयाचे टाके अनेक विमानांत कायम राहिले. त्यामुळे जुने विमान पुन्हा उडण्याजोगे करावयाचे, तर अभियंत्याच्या गणिताबरोबरच विणकराची पारख व शिंप्याचा हातही आवश्यक ठरतो. भारतीय हवाई दलाने जीर्णोद्धार करून २०१२ मध्ये पुन्हा उडविलेले टायगर मॉथ हे या परंपरेचे एक उदाहरण होय.