हॉरिच

हॉरिच : वायव्य इंग्लंडच्या ग्रेटर मँचेस्टर परगण्यातील गाव. लोकसंख्या २०,०६७ (२०११). बोल्टनच्या वायव्येस सुमारे ८ किमी.वर, विंटर हिल (४५६ मी.) डोंगराच्या पायथ्याशी वसले आहे. १९७४ पूर्वीच्या ग्रंथांत ते लँकाशरमध्ये दाखविलेले आढळते. गावामागच्या रिव्हिंग्टन पाइक टेकडीवर १७३३ मधील दगडी मनोरा आहे.

लँकाशर अँड यॉर्कशर रेल्वेची मँचेस्टरमधील माइल्स प्लॅटिंग येथील कार्यशाळा अपुरी पडू लागल्याने कंपनीने १८८४ मध्ये येथे जमीन घेतली आणि सूतकापड व विरंजन यांवर जगणारे हे खेडे काही वर्षांतच इंजिनांचे गाव झाले. कारखान्याच्या आखणीत जॉन रॅम्सबॉटम सल्लागार होता. १८८६ पासून जॉन ॲस्पिनॉलने सूत्रे हाती घेतली. इंजिनजुळणीची मुख्य कार्यशाळा सुमारे १,५२० फूट लांब होती. येथे बांधलेले पहिले इंजिन (क्र. १००८) फेब्रुवारी १८८९ मध्ये बाहेर पडले, ते राष्ट्रीय संग्रहात जतन केले आहे. १९५७ पर्यंत वाफेची अठराशेहून अधिक इंजिने येथे तयार झाली. विमाननिर्माता ए. व्ही. रो याने येथे उमेदवारी केली, तर इंजिन-अभियंता नायजेल ग्रेस्ली येथे ॲस्पिनॉलच्या हाताखाली शिकला.

कारखान्याचे खरे वैशिष्ट्य मात्र त्याच्या आत धावणारी १८ इंची नॅरोगेज रेल्वे. माथेरानच्या गाडीचे रूळ २ फुटी, हे त्याहूनही अरुंद. फाउंड्रीतून निघालेली कास्टिंगे, फोर्जमधले तुकडे, स्टोअरमधला माल एका कार्यशाळेतून दुसरीत न्यायचा तर मोठ्या रुळांची गाडी यंत्रांच्या दाटीत वळणार नाही, आणि हातगाड्यांवर एवढे वजन ओढायचे म्हणजे माणसे किती लावणार? १८ इंची रूळ दारातून आत शिरत, यंत्रांमधल्या बोळांतून जात आणि अगदी कमी जागेत वळत. रॅम्सबॉटमने हा प्रयोग १८६२ मध्ये क्रू गावच्या रेल्वे कारखान्यात ‘टायनी’ नावाच्या इंजिनावर केला होता. तोच त्याने हॉरिचमध्ये मोठ्या प्रमाणावर आणला. एकूण मार्ग सुमारे साडेसात मैल होता. एका कारखान्याच्या आवारात इतके रूळ, हे आजही वाचताना विशेष वाटते.

या मार्गावर आठ लहान इंजिने होती : रॉबिन, रेन, डॉट, फ्लाय, वास्प, मिजेट, माउस, बी. नावे पक्षी, कीटक आणि एकंदरीत चिमुकलेपणाची. सुरुवातीची इंजिने बायर पीकॉक कंपनीकडून आली, उरलेली येथेच झाली. ‘रेन’ (१८८७) ची चाके १६¼ इंच व्यासाची, सिलिंडर ५ × ६ इंची आणि वजन जेमतेम साडेतीन टन; चालकाच्या डोक्यावर छप्पर नाही. आठांपैकी ते एकटेच उरले. १९६० नंतर लवकरच ते कामावरून काढण्यात आले व आता यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. वेल्समधील टाइविन येथे ठेवलेले ‘डॉट’ हे हॉरिचचे नव्हे. तेही १८८७ चे व १८ इंची आहे. पण ते बायर पीकॉकने स्वतःच्या मँचेस्टर येथील गॉर्टन फाउंड्रीसाठी बांधले होते. संग्रहालयाच्या फलकाऐवजी नुसत्या नावावर विसंबणाऱ्या पुस्तकांत हा घोटाळा होतो. अशा रुळांवरून प्रत्यक्ष बसून जायचे असल्यास डर्बीशरमधील स्टीपल ग्रेंज लाइट रेल्वे गाठावी. हॉरिचच्या कारखान्यात वापरलेले १९५७ चे एक डीझेल इंजिन तेथे आहे.

२३ डिसेंबर १९८३ रोजी मुख्य कारखाना बंद झाला. फाउंड्री मात्र पुढेही चालू राहिली आणि १९८८ मध्ये खाजगी मालकीची झाली. ब्रेक ब्लॉक आणि रूळ धरणाऱ्या चेअर ही तिची जुनी, गाजावाजा नसलेली उत्पादने. आवारातील काही इमारती लहान उद्योगांना भाड्याने दिल्या गेल्या. अलीकडे उरलेल्या जागेवर घरबांधणी होत आहे. कारखान्यालगतच्या वस्तीत रस्त्यांना अभियंत्यांची नावे दिलेली आढळतात.

आर्थिक जीवन : किरकोळ व्यापार, लघुउद्योग. बोल्टन वाँडरर्सचे फुटबॉल मैदान व मिडलब्रूक बाजारसंकुल गावाच्या हद्दीत (१९९७ पासून).