गांजाबंदी, वऱ्हाडातील

भांगेच्या मादी झाडाच्या फुलोऱ्यापासून मिळणाऱ्या गांजा या मादक द्रव्याची लागवड, बाळगणूक, वाहतूक, विक्री व सेवन यांवर वऱ्हाडात (सध्याचे अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा व यवतमाळ जिल्हे) वेळोवेळी घालण्यात आलेले निर्बंध. या निर्बंधांच्या इतिहासात परवाना व कर, संपूर्ण बंदी आणि वजनानुसार शिक्षा अशा तीन अवस्था आढळतात. गांजाचे सेवन तिन्ही अवस्थांत टिकून राहिले. बदलत गेला तो त्याचा भार कोणी सोसायचा हा प्रश्न.

ब्रिटिश काल : १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आला व १९०३ मध्ये तो मध्य प्रांतास जोडण्यात आला. सातपुड्यापलीकडील निमाड जिल्ह्यात परवान्याने गांजाची लागवड होई आणि खांडवा हे त्याच्या साठवणीचे व व्यापाराचे केंद्र होते. सरकार लागवडीस परवाने देई, मालावर कर घेई व किरकोळ विक्रीचे मक्ते लिलावाने विकी. गांजा ही त्या काळी गुन्ह्याची नव्हे, तर अबकारी उत्पन्नाची बाब होती.

ब्रिटिश पार्लमेंटमध्ये मार्च १८९३ मध्ये उपस्थित झालेल्या प्रश्नावरून त्याच वर्षी भारतीय भांग-गांजा आयोग नेमण्यात आला. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. आयोगाने १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदविले. त्यांत वऱ्हाडातील साक्षीदारही होते. गांजामुळे वेड लागते, या सार्वत्रिक समजुतीची आयोगाने वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदी तपासून छाननी केली. १८९२ या एका वर्षात भांग-गांजाच्या नावावर नोंदलेल्या २२२ रुग्णांपैकी चौकशीअंती केवळ ९८ रुग्णांच्या बाबतीत तो संबंध मान्य करण्याजोगा ठरला. वेडाचे कारण ठाऊक नसले की कारकुनाने ‘गांजा’ असे लिहून मोकळे व्हावे, अशी रीत अनेक ठिकाणी आढळली. माफक सेवनापासून सामान्यतः अपाय होत नाही, अतिसेवन मात्र घातक ठरते, असा निष्कर्ष १८९४ च्या अहवालात काढण्यात आला. बंदी घातल्यास लोक अधिक घातक मादकांकडे वळतील आणि साधू, बैरागी व फकीर यांच्या चालीरीतींत ढवळाढवळ होईल, अशी कारणे देऊन आयोगाने बंदीऐवजी मर्यादित लागवड, कर व परवाना यांची शिफारस केली. या धोरणात सरकारी महसुलाचा स्वार्थ होता, हेही नाकारता येत नाही.

बंदीकडे वाटचाल : १९२५ च्या जिनीव्हा करारात भांगेचा समावेश झाला व १९३० मध्ये हिंदुस्थानात घातक औषधिद्रव्य अधिनियम संमत झाला. स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेये व द्रव्ये यांच्या बंदीसाठी प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य ठरविले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५९ मध्ये मुंबई दारूबंदी अधिनियम (१९४९) तेथे लागू करण्यात आला. या अधिनियमाच्या कक्षेत दारूप्रमाणेच भांग व गांजाही येत होते. पुढे दारूच्या बाबतीत राज्यात परवाना व करपद्धती पुन्हा रूढ झाली. वर्धा (१९७५) व गडचिरोली (१९९३) हे जिल्हे त्यास अपवाद ठरले, तर चंद्रपूर जिल्ह्यातील बंदी २०१५ पासून २०२१ पर्यंत टिकली. गांजाच्या बाबतीत मात्र अशी सवलत मिळाली नाही.

१९६१ च्या मादक द्रव्यविषयक आंतरराष्ट्रीय करारानुसार भांगेचा अवैद्यकीय वापर पंचवीस वर्षांत बंद करावयाचा होता. भारताने हा करार १९६४ मध्ये मान्य केला. केवळ पाने असलेली भांग कराराच्या व्याख्येबाहेर राहिली. म्हणून केंद्रीय कायद्यात गांजा व चरस गुन्ह्याच्या कक्षेत आले, भांग मात्र राज्यांच्या अबकारी कायद्यांकडे राहिली. मादक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अंमलात आला. मुंबई-पुण्यात ‘गर्द’ म्हणजे अशुद्ध हेरॉइनचे व्यसन पसरत असल्याच्या काळात हा कायदा आला. अनिल अवचट यांचे गर्द हे पुस्तक व डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने पुण्यात सुरू झालेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र (१९८६) याच काळातील होत.

परिणाम : १९८५ च्या कायद्यात गांजा व लागवड यांसाठी कमाल पाच वर्षे कारावासाची शिक्षा होती. १९८९ मध्ये जामिनाच्या अटी अतिशय कडक करण्यात आल्या. २००१ च्या दुरुस्तीने शिक्षा वजनाशी जोडली : गांजासाठी एक किलोग्रॅमपर्यंत अल्प, तर वीस किलोग्रॅमपेक्षा अधिक व्यापारी प्रमाण मानले गेले. हेरॉइनच्या किरकोळ गुन्हेगारास यामुळे दिलासा मिळाला. परंतु गांजाच्या लागवडीची कमाल शिक्षा दहा वर्षे आणि व्यापारी प्रमाणाची दहा ते वीस वर्षे झाली. सुधारणा म्हणून आलेला बदल गांजाच्या बाबतीत असा अधिक कठोर ठरला.

याचे परिणाम वऱ्हाडात दोन ठिकाणी दिसतात. पहिले ठिकाण शेत होय. तूर वा कपाशीच्या पिकात गांजाची झाडे लावल्याचे खटले अधूनमधून दाखल होतात. कायद्याने केवळ फुलोरा म्हणजे गांजा. तथापि उपटलेली ओली झाडे मुळे, खोड व पाने यांसह तोलली गेल्यास वजन कित्येक पटींनी वाढते व आरोपीच्या आयुष्याची दहा वर्षे त्या तोलावर अवलंबून राहतात. दुसरे ठिकाण रस्ता होय. आंध्र-ओडिशा सीमेवरील डोंगराळ भाग हे अवैध गांजाचे मोठे उत्पत्तिस्थान असून तेथून पश्चिमेकडे जाणारी वाहतूक विदर्भातून होते. नांदुरा तालुक्यातील वडनेर भोलजी हे गाव ज्या कोलकाता–सुरत महामार्गावर वसले आहे, तो पूर्व व पश्चिम भारतास जोडणारा प्रमुख मार्ग होय. बाळगणे हाच मुख्य गुन्हा असल्याने माल ज्याच्या हाती सापडतो तो चालक वा हमाल प्रथम तुरुंगात जातो. भांडवल घालणारा मालापासून दूर असतो.

बंदीचा एक अनपेक्षित परिणाम रुग्णांना भोगावा लागला. परवान्यांच्या किचकटपणामुळे व शिक्षेच्या भीतीमुळे १९८५ नंतर कर्करोगाच्या वेदनांवरील मॉर्फिन रुग्णालयांना दुर्मिळ झाले. हे औषध सुलभ व्हावे म्हणून २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली.

सुधारणेचे प्रयत्न : पुन्हा गुन्हा करणाऱ्यास अनिवार्य मृत्युदंड देण्याची तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने १६ जून २०११ रोजी घटनाबाह्य ठरविली, २०१४ च्या दुरुस्तीने हा दंड न्यायालयाच्या विवेकाधीन झाला. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीस खटल्यापासून संरक्षण देणारी तरतूद कायद्यात आहे, परंतु तिचा लाभ उपचारकेंद्र जवळ असेल तरच मिळू शकतो. पोर्तुगालने २००१ पासून वैयक्तिक वापरापुरते द्रव्य बाळगणे फौजदारी गुन्ह्यातून वगळून त्याऐवजी समुपदेशन मंडळांची योजना केली. संयुक्त राष्ट्रांच्या मादक द्रव्य आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये भांगवर्गीय द्रव्ये १९६१ च्या कराराच्या सर्वांत कडक अनुसूचीतून वगळली. भारताने या ठरावाच्या बाजूने मत दिले.

केंद्र शासनाच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे ३.१ कोटी लोक भांगवर्गीय द्रव्ये वापरतात. एवढ्यांना शिक्षा करणे कोणत्याही न्यायव्यवस्थेस अशक्य आहे आणि अतिसेवनाचा अपाय दुर्लक्षिणेही योग्य नाही. १८९४ च्या आयोगाने माफक सेवन व अतिसेवन यांत जो भेद केला, तो पुढील कायद्यांत वजनाच्या भेदात हरवला. सेवन करणारा, वाहून नेणारा व नफा घेणारा यांना कायद्याने वेगवेगळे ओळखावे, हा सुधारणेच्या सर्व प्रयत्नांमागील समान विचार होय.