जुन्या शाळांच्या वास्तू

नोकरीच्या निमित्ताने आम्ही अनेक प्रांतांचे पाणी प्यालो. गावचे घर मोडले, आप्त पांगले. तरी रजेत गावी गेलो की पावले आपोआप जुन्या शाळेकडे वळतात. तेथे शाळेच्या जागी पत्र्याचे कुंपण पाहण्याचा प्रसंग वाचकांपैकी अनेकांवर आला असेल.

महाराष्ट्रातील आधुनिक शिक्षणाची अनेक रोपटी वाड्यांच्या ओसऱ्यांवर रुजली. १८४८ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, ती पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडेवाड्यात. २ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले, तेही वाड्यातच. पुढे नाना फडणविसांचा वाडा त्या शाळेचे घर झाला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाल भीमरावांचे नाव ज्या शाळेच्या पटावर चढले, ती साताऱ्यास जुन्या राजवाड्यात भरत असे.

यांपैकी नानावाडा आज उभा आहे. भिडेवाड्याच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. दर्शनी भागात दुकाने, आत पडझड आणि जागेचा न्यायालयीन वाद यांत वर्षे लोटली. वाद सर्वोच्च न्यायालयात मिटला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ती जीर्ण वास्तू पाडण्यात आली. तेथे स्मारक उभारण्याचे ठरले, हे उचितच. परंतु तो मूळ उंबरठा पुन्हा घडविता येणार नाही.

अशा इमारती एका दिवसात पडत नाहीत. प्रथम कौले सरकतात, पाणी तुळयांच्या टोकांत मुरते, लाकूड कुजते. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविला की आतील ओल आतच कोंडते. वेळीच कौले चाळणे, पन्हळी साफ ठेवणे व चुन्याची डागडुजी चुन्यानेच करणे, एवढ्याने पुष्कळ आयुष्य वाढते.

हे येथे लिहिण्यास कारण आहे. सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळाच्या जुन्या दोन खोल्या पाडून सभागृह बांधण्याची सूचना आली आहे. सभागृह हवे, यात शंका नाही. परंतु याच खोल्यांत रविवारी आमच्या मुलांनी मराठी मुळाक्षरे गिरविली. निर्णयापूर्वी जाणत्या अभियंत्याकडून त्यांची तपासणी करवून घ्यावी, आणि तुळया धड असतील तर सभागृह शेजारच्या मोकळ्या जागेत बांधावे, एवढीच आमची सभासदांस विनंती आहे.