गोलपोस्टमागची जागा

२९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवून आयएफए शील्ड जिंकली. अकरापैकी दहा जण अनवाणी खेळले. बूट होते ते फक्त सुधीर चॅटर्जी यांच्या पायांत. आधी गोल खाऊन मागे पडलेल्या संघाला शिवदास भादुरी यांनी बरोबरी मिळवून दिली आणि अभिलाष घोष यांनी विजयी गोल केला. हे सगळं आपल्याला ठाऊक आहे ते शब्दांतून. डोळ्यांपुढे चित्र येतं ते मात्र संघाला नीट मांडून काढलेल्या फोटोचं. त्यात कुणीच धावत नाही.

याला कारण त्या काळचं साहित्य. कॅमेऱ्यात काचेची प्लेट असायची, एक फोटो घेतला की ती बदलायची. प्लेट संथ, तिला भरपूर उजेड हवा; कलकत्त्याच्या पावसाळ्यात तो मिळायची खात्री नाही. हाताशी मोजक्याच प्लेटा असल्या की चेंडूमागे फिरण्यात अर्थ नसतो. म्हणून जुने वृत्तछायाचित्रकार गोलपोस्टच्या मागे जाऊन बसत. चेंडू कधी ना कधी तिथे येणारच, आणि येताना खेळाडूचा चेहरा आपल्याकडे असणार.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर मी अजून त्याच बाजूला बसते. इथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा असे तालमींचे संघ खेळतात आणि गॅलरीत पेठाच्या पेठा उतरतात. माझा कॅमेरा सेकंदाला दहा फोटो घेतो, पण शिकले ते प्लेटवाल्यांकडूनच. कॉर्नरच्या झेंड्यापासून थोडं आत, बुटक्या स्टुलावर बसायचं. कॅमेरा खेळाडूच्या कमरेच्या उंचीवर ठेवायचा. उभं राहिलं की मागे नुसतं गवत येतं, बसलं की आकाश आणि माणसं येतात. शटर १/१००० च्या खाली नेत नाही. उन्हं उतरली की आयएसओ वाढवते. फोटोत कण दिसले तरी चालतात, हललेला पाय चालत नाही. दुसरा डोळा उघडा ठेवायचा, कारण लांब लेन्समध्ये बाजूने येणारा माणूस दिसत नाही. शिवाय चेंडू ज्याच्याकडे आहे त्याच्याऐवजी तो ज्याच्याकडे जाणार आहे त्याच्यावर फोकस धरायचा. हे कॅमेऱ्याच्या पुस्तकात सापडत नाही. कोणता विंगर डावखुरा आहे, कोण आत वळतो, हे सामने बघूनच कळतं. गोल झाला की सगळे कॅमेरे नाचणाऱ्यांकडे वळतात, तेव्हा मी दोन फोटो गोलकीपरचे घेते. ही माझी खोड म्हणा.

पण नेमका क्षण पकडला की काम झालं, असं मला वाटत नाही. १३ जून १९८२ रोजी बार्सिलोनात विश्वचषकाच्या पहिल्या सामन्यात स्टीव्ह पॉवेल यांनी घेतलेला फोटो जगभर गाजला. पायाशी चेंडू घेतलेला मॅराडोना आणि त्याच्यासमोर बेल्जियमचे सहा खेळाडू. एकट्या माणसाला सहा जण घाबरले, असा त्याचा अर्थ लागत गेला. प्रत्यक्षात ती फ्री किक होती. आर्दिलेसने चेंडू हलकेच मॅराडोनाकडे सरकवला आणि ते सहा जण म्हणजे नुकती फुटलेली बचावाची भिंत. फोटो खरा आहे, त्यात काहीही जोडलेलं नाही. फक्त आधीचा सेकंद त्यात नाही. सामना बेल्जियमने १-० असा जिंकला, हेही त्या चौकटीत मावत नाही.

चार वर्षांनी मेक्सिको सिटीत उलटं घडलं. ट्युनिशियाचे पंच अली बेनासर यांना मॅराडोनाचा हात दिसला नाही. मेक्सिकोचे छायाचित्रकार आलेहांद्रो ओहेदा कारबाहाल यांच्या फिल्मवर तो चेंडूला लागलेला स्पष्ट उमटला. निकाल बदलला नाही, पण आज त्या गोलाबद्दल वाद घालायला जागा उरलेली नाही.

हे दोन्ही फोटो मी पुन्हा पुन्हा पाहते, आणि मला जास्त अस्वस्थ करतो तो पहिला. तालमींच्या सामन्यात एखाद्या धक्काबुक्कीचा एक फोटो संध्याकाळपर्यंत पेठेतल्या प्रत्येक मोबाइलवर पोहोचतो. म्हणून चांगला फोटो निवडला की त्याच्या आधीचे चार आणि नंतरचे चार मी पुसत नाही. फोटोखाली मिनिट लिहिते, आणि चेंडू फ्री किकवरून आला होता की चालू खेळातून, तेही.