हंबकर ध्वनिग्राहक : मानेकडील व घोडीकडील

विद्युत् गिटारच्या पोलादी तारांचे कंपन विद्युत् संदेशात रूपांतरित करणारे दोन वेटोळ्यांचे चुंबकीय साधन. वादकांच्या बोलीत त्यास नुसते ‘पिकअप’ म्हणतात. मानेच्या शेवटाशी एक व घोडीलगत दुसरा असे दोन ध्वनिग्राहक एकाच वाद्यावर बसविलेले असतात. त्यांपैकी कोणता केव्हा वापरावा, हा प्रश्न हंबकरपेक्षाही जुना आहे.

जॉर्ज बोशाँ याने १९३१ च्या सुमारास लॉस अँजेल्स येथे सिद्ध केलेला ध्वनिग्राहक हवाईयन पद्धतीच्या गिटारसाठी होता. गिब्सन कंपनीच्या १९३६ च्या ‘ईएस-१५०’ गिटारवर एकच ध्वनिग्राहक होता व तो मानेकडे होता. १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात आलेल्या चार्ली क्रिश्चनने त्याच्या भरदार, गोलसर स्वरावर एकल वादन केले. पुढे १९५२ च्या ‘लेस पॉल’ गिटारवर दोन ध्वनिग्राहक आले. निवडीच्या खटक्याजवळ मानेकडील बाजूस ‘ऱ्हिदम’ व घोडीकडील बाजूस ‘ट्रेबल’ असे लिहिलेले असे. साथ मानेकडून व एकल वादन घोडीकडून, अशी ही निर्मात्याची कल्पना. वादकांनी ती फारशी मानली नाही. जॅझमध्ये मुख्य सुरावट मानेकडूनच वाजत राहिली. १९६७ च्या सुमारास एरिक क्लॅप्टनने उच्च स्वरांश कमी करून मानेकडील ध्वनिग्राहकावर एकल वादन केले. उलट रॉक संगीतातील साथीचे स्वरसंघ घोडीकडे सरकले.

एका वेटोळ्याचा ध्वनिग्राहक भोवतालच्या प्रत्यावर्ती प्रवाहाची गुणगुणही पकडतो. भारतात विद्युत् पुरवठ्याची कंप्रता ५० हर्ट्‌झ असल्याने ही गुणगुण त्या व तिच्या पटीतील कंप्रतांची असते. गिब्सनमधील सेथ लव्हर याने दोन वेटोळी उलट दिशेने गुंडाळून व त्यांचे चुंबकीय ध्रुव परस्परविरुद्ध ठेवून ती जोडली. त्यामुळे गुणगुण परस्परांत नष्ट होते, तारेचा संदेश मात्र मिळवला जातो. १९५५ मध्ये अर्ज केलेले त्याचे पेटंट १९५९ मध्ये मंजूर झाले. दरम्यान १९५७ पासून ‘लेस पॉल’ गिटारवर हे ध्वनिग्राहक बसू लागले.

या आरंभीच्या जोडीतील दोन्ही ध्वनिग्राहक एकाच बनावटीचे होते. वेढ्यांची संख्या कमीअधिक होई, पण ती कारखान्यातील सैल मोजणीमुळे. स्वरातील भेद तारेत आहे. घोडीजवळ तारेचा परमप्रसर अल्प असतो व मूळ स्वराच्या मानाने उपस्वर ठळक असतात. मानेकडे मूळ स्वर प्रबळ असतो. मानेकडील ध्वनिग्राहक तारेच्या लांबीच्या सुमारे एक-चतुर्थांश अंतरावर येतो. तेथे मूळ कंप्रतेच्या चौपट कंप्रतेच्या उपस्वराचा निस्पंद असतो, म्हणून तो उपस्वर क्षीण होतो. हे स्पष्टीकरण वारंवार दिले जाते, परंतु ते मोकळ्या तारेपुरतेच खरे आहे. पडद्यावर बोट ठेवताच तार आखूड होते व निस्पंद सरकतो.

घोडीकडील दुर्बल संदेश भरून काढण्यासाठी तेथील ध्वनिग्राहकास अधिक वेढे देण्याची रीत नंतरची. डिमार्झिओचा १९७२ चा ‘सुपर डिस्टॉर्शन’ हा तिचा ठळक नमुना होय. वेढे वाढले की संदेश वाढतो, पण उच्च स्वरांश कमी होतात. त्यामुळे असा ध्वनिग्राहक मानेकडे बसविल्यास स्वर गढूळ होतो. जोडी मुळात समान असेल, तर मानेकडील ध्वनिग्राहक तारांपासून किंचित खाली उतरविणे हा बिनखर्चाचा उपाय पुरतो.

महाराष्ट्रात, नांदेड-लातूरसारख्या शहरांतही, विद्युत् गिटार मुख्यतः चित्रपटसंगीतातून परिचित झाली. व्हॅन शिप्ले व हजारा सिंग यांच्या गीतधुनींच्या ध्वनिमुद्रिका, तसेच ‘दम मारो दम’ (१९७१) मधील भूपिंदर सिंग यांचे वादन यांचा त्यात मोठा वाटा आहे. गणेशोत्सवातील वाद्यवृंदात एकाच वादकास गायकाची साथ व मधले सुरावटीचे तुकडे दोन्ही वाजवावे लागतात. स्वच्छ स्वरातील साथीला मानेकडील ध्वनिग्राहक, तर विवर्धकातील विकृती वापरावयाची असल्यास घोडीकडील, अशी विभागणी तेथे सोयीची ठरते. दोन्ही एकत्र जोडण्याची मधली जागा मात्र अकारण उपेक्षित राहते.

मिरवणुकीतील बेंजोला ही निवडच नाही. १९१२ मध्ये नागोया येथे गोरो मोरिता याने तयार केलेल्या ताइशोगोतो या जपानी वाद्याचे हे भारतीय रूप. तारेचा बराचसा भाग पट्ट्यांनी व्यापलेला असल्याने ध्वनिग्राहक पट्ट्या व घोडी यांमधील मोकळ्या भागातच बसू शकतो आणि त्याचा तीक्ष्ण स्वर ढोलताशांच्या गजरातूनही ऐकू येतो. या वादकांच्या जीवनावर रवी जाधव यांनी ‘बँजो’ (२०१६) हा हिंदी चित्रपट दिग्दर्शित केला. त्यातील प्रमुख भूमिका लातूरचे रितेश देशमुख यांनी केली.