पिंजऱ्यातले उंदीरमामा

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत बचतीचा हिशोब बाजूलाच राहिला. एका ताईंच्या मुलाला सुरतेच्या मामाने दोन पांढरे उंदीर दिले, पाळायला! सासूबाई म्हणाल्या, "घरात हे राहतील, नाहीतर मी." निवाडा आमच्याकडे आला.

गणपतीच्या पायाशी बसलेल्या उंदीरमामाला आपण हळदकुंकू वाहतो आणि घरात उंदीर दिसला की काठी शोधतो. या भीतीला इतिहास आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तिथून पुण्यात पोचला. आधी घरात उंदीर मरून पडायचे, मग माणसं. लोक घरं सोडून रानात झोपड्या घालून राहायचे. पुण्यात सावित्रीबाई फुले आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत रोग्यांची सेवा करत होते. त्यातच प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई गेल्या. रोग पसरतो कसा, हे तेव्हा उमगलेलं नव्हतं. पुढच्या वर्षी सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिलं, की उंदीर मेला की त्याच्या अंगावरची पिसू माणसाला चावते आणि रोग देते.

१९९४ चा सुरतेचा प्लेग तर आपल्या मोठ्या बायकांनी पाहिलाय. लाखो लोक शहर सोडून निघाले. या सासूबाईंचे दीर तिथे मागावर कामाला होते. ते गावी आले, तर आठ दिवस ओसरीवरच जेवले. मग त्यांना पिंजरा बघून राग येणारच की!

पण पांढरे उंदीर आले कुठून? राणी व्हिक्टोरियाच्या काळात लंडनमध्ये जॅक ब्लॅक नावाचा माणूस उंदीर पकडून पोट भरायचा. वेगळ्या रंगाचा उंदीर सापडला की तो मारत नसे. पाळायचा, त्याची पिल्लं वाढवायचा आणि हौशी लोकांना विकायचा. मारणाऱ्याच्याच हातून पाळणं सुरू झालं, याचं आम्हाला फार नवल वाटलं. हे पांढरे उंदीर तिकडच्या तपकिरी उंदरांचे वंशज. आपल्या आढ्यावर पळणारा काळा उंदीर वेगळ्या जातीचा. तरीही उंदराच्या मुतातून आजार होऊ शकतात, म्हणून हात लावला की साबणाने धुवायचे, हे त्या मुलाला बजावलं.

शेवटी सासूबाई एका अटीवर तयार झाल्या. पिंजरा दादरच्या कोठीपासून लांब, ओसरीवर राहील. जिथे दीर जेवायचे, तिथेच.

नर-मादी असतील तर तीन-चार आठवड्यांत आठ-दहा पिल्लं होतात. ते अजून कुणी पाहिलेलं नाही. पुढच्या बैठकीआधी कळेलच.