फुकट नव्हे, मुक्त : संगणकाच्या सावडीची हकीकत



आपल्या वऱ्हाडात सावडीची चाल जुनी आहे. एकाकडे बैलजोडी असते, दुसऱ्याकडे माणसे असतात; आज तुझे वावर, उद्या माझे, असे करून दोघांचीही पेरणी वेळेवर उरकते. सावडीत मजुरी कोणी देत नाही, आणि तरीही फुकट कोणी राबत नाही. संगणकाच्या जगातही अशीच एक सावड गेली सत्तर वर्षे चालत आली आहे. तिची हकीकत आज सांगावयाची आहे.

ती सांगण्यास कारण आहे. अमरावती, अकोला, बडनेरा, शेगाव येथल्या महाविद्यालयांतून दरसाल पुष्कळ मुले-मुली संगणकाची पदवी घेऊन बाहेर पडतात. त्यांतली बरीचशी पुण्याची गाडी धरतात. दुसऱ्याने केलेले चालविणे त्यांना येते. पण ‘तू स्वतः काय घडविलेस, ते दाखव,’ असे कोणी विचारले की अनेकांची मान खाली जाते. या मुलांना सावडीत उतरावयास कसे शिकवावे, हा खरा प्रश्न आहे.

आधी थोडे मूळ समजून घेऊ. सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाला द्यावयाच्या आज्ञांची मालिका. ती प्रथम माणसाला वाचता येईल अशा रूपात लिहितात. त्याला सोर्स कोड, म्हणजेच मूळ संहिता म्हणतात. मग तिचे यंत्राला कळणाऱ्या आकड्यांत रूपांतर होते, आणि विकत घेणाऱ्याच्या हाती बहुधा हे दुसरे रूपच पडते. तिफणीचे उदाहरण घ्या. गावच्या सुताराने केलेली तिफण नीट चालेना, तर शेतकरी ती उलटी करून पाहतो, सुताराला दाखवितो, नळी वरखाली करून घेतो. शेजारचा ते पाहतो आणि आपल्याही तिफणीत तसाच बदल करतो. आता समजा, तिफण पेटीत घालून पेटीला कुलूप लावले आणि ‘उघडाल तर खटला भरू’ अशी पाटी वर डकवली, तर? मूळ संहिता लपविलेले सॉफ्टवेअर असे असते.

पूर्वी असे कुलूप नव्हते. 1955 साली अमेरिकेत आयबीएम कंपनीचे मोठे संगणक वापरणाऱ्यांनी ‘शेअर’ नावाची मंडळी स्थापन केली. एकाने लिहिलेली आज्ञावली दुसऱ्याने वापरावी, सुधारावी, परत द्यावी, हा तिचा रिवाज. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक 1960 साली कामाला लागला. त्या काळी किंमत यंत्राची असे. आज्ञावली यंत्राबरोबर मिळे. 1969 साली आयबीएमने सॉफ्टवेअरची किंमत यंत्रापासून वेगळी काढण्याचे जाहीर केले. सॉफ्टवेअर हा स्वतंत्र धंदा झाला आणि हळूहळू पेटीला कुलूप आले.

या कुलपाचा राग एका माणसाला फार आला. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन काम करीत. तेथल्या छपाईयंत्रात कागद अडकत असे. जुन्या यंत्राच्या आज्ञावलीत त्यांनी अशी सोय केली होती की कागद अडकताच वाट पाहणाऱ्यांना आपोआप निरोप जावा. 1980 च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचे नवे यंत्र आले. त्यातही तीच सोय करावी म्हणून त्यांनी मूळ संहिता मागितली. ज्याच्याजवळ ती होती, त्याने ‘कोणाला देणार नाही असे वचन दिले आहे,’ म्हणून नकार दिला. गोष्ट कागद अडकण्याएवढी लहान; परंतु तिच्यातून पुढे एक चळवळ उभी राहिली. 27 सप्टेंबर 1983 रोजी स्टॉलमन यांनी सर्वांसाठी खुली अशी ‘ग्नू’ नावाची संगणकप्रणाली लिहिण्याचा संकल्प जाहीर केला.

1983 हे साल आपल्यालाही ओळखीचे आहे. त्याच वर्षी 1 मे रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले, आणि त्याच वर्षी शेगावचे व बडनेऱ्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय त्याआधीचे, 1964 चे. म्हणजे ज्या वर्षी तिकडे सावडीचा पुकारा झाला, त्याच वर्षी इकडे वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना अभियंता होण्याची वाट रुंद झाली. दोन्ही गोष्टींना चाळीस वर्षे उलटली. पण त्यांची गाठ अजून म्हणावी तशी पडलेली नाही.

1989 साली स्टॉलमन यांनी एक परवाना लिहिला. त्याचा सारांश असा : घ्या, वापरा, उघडून पाहा, बदला, वाटा; मात्र पुढे वाटताना घेणाऱ्यालाही हीच मोकळीक द्या. 1991 साली फिनलंडमधील लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपल्या घरच्या संगणकासाठी लिहू घेतलेली ‘लिनक्स’ जगापुढे ठेवली आणि ‘सुधारणा सुचवा,’ असे आवाहन केले. हजारो हात लागले. आज आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या पोटातही तीच लिनक्स आहे. 1998 पासून या पद्धतीला ‘ओपन सोर्स’ हे नाव रूढ झाले.

येथे कोणी विचारील, ‘सारं फुकट वाटतात, तं मंग त्याहीचं पोट कसं भरते?’ प्रश्न रास्त आहे. फुकट आणि मुक्त हे दोन शब्द आपल्या भाषेत वेगळे आहेत, हे आपले भाग्यच. इंग्रजीत दोहोंना एकच शब्द असल्याने तिकडे अजून घोटाळा होतो. विहीर सगळ्यांना मोकळी असली तरी विहीर उपसणाऱ्याला, मोट दुरुस्त करणाऱ्याला मजुरी मिळते. मुक्त सॉफ्टवेअर बसवून देणे, सांभाळणे, गरजेप्रमाणे बदलून देणे यावर मोठमोठ्या कंपन्या चालतात. रेड हॅट ही त्यांतली एक. तिला 2019 साली आयबीएमनेच चौतीस अब्ज डॉलरला विकत घेतले. 1969 साली ज्यांनी सॉफ्टवेअरला वेगळी किंमत लावली, त्यांनीच पन्नास वर्षांनी सावडीच्या घराला एवढी किंमत दिली!

आता शिक्षणाकडे वळू. या सावडीत उतरणारा नवखा माणूस काय करतो? प्रथम वापरून पाहतो. कोठे अडते ते नीट लिहून कळवितो : काय केले, काय व्हावयास हवे होते, प्रत्यक्षात काय झाले. मग मूळ संहितेची प्रत घेऊन दुरुस्ती करतो व ती मूळ मंडळींकडे पाठवितो. जाणती माणसे ती तपासतात, चुका दाखवितात, परत पाठवितात. दोन-चार खेपांनंतर ती स्वीकारली जाते, आणि कोणी काय केले याची नोंद कायम राहते. विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही नोंद मोलाची, कारण ती जगात कोणालाही उघडून पाहता येते. टोरांटोच्या सेनेका कॉलेजात विद्यार्थ्यांना वर्गातच मोझिलाच्या ब्राउझरवर काम करावयास लावण्याचा प्रयोग झाला. 2005 पासून गूगल कंपनी उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना मानधन देऊन अशा प्रकल्पांत उतरविते, आणि त्यांत भारतीय मुलांची संख्या नेहमीच मोठी राहिली आहे.

परंतु सगळे गोडच झाले असे नाही. 2011 साली पुण्यातील तीन महाविद्यालयांत एक प्रयोग झाला. सॉफ्टवेअरऐवजी इंग्रजी विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशात विद्यार्थ्यांनी लेख लिहावेत आणि त्याचे गुण मिळावेत, अशी योजना होती. शेकडो विद्यार्थी एकदम उतरले. पुष्कळांनी पुस्तकांतला मजकूर जसाच्या तसा उतरवून काढला. जगभरच्या स्वयंसेवकांना तो शोधून पुसत बसावे लागले, आणि त्याच वर्षी प्रयोग थांबवावा लागला. पुढे 2020 च्या ऑक्टोबरात दुसरा प्रकार घडला. एका अमेरिकन कंपनीने असे ठरविले होते की चार दुरुस्त्या पाठविणाऱ्यास सदरा बक्षीस. झाले! कोठे एखादे विशेषण घाल, कोठे आपले नाव घुसव, अशा पोकळ दुरुस्त्यांचा पूर आला. आपल्या देशातील एका लोकप्रिय चित्रफितीत अशी दुरुस्ती पाठविण्याची कृतीच दाखविली होती. अखेर जे प्रकल्प आपण होऊन होकार देतील, तेवढ्यांतच दुरुस्त्या मोजण्याचा नियम करावा लागला.

दोष मुलांच्या स्वभावात नाही, शिकवण्यात आहे. ज्याला पहिल्या इयत्तेपासून फळ्यावरचे उतरवून घेण्याचेच गुण मिळाले, तो एका सत्रात स्वतःच्या शब्दांत कसा लिहील? सावडीला गडी पाठवावा आणि त्याने दुसऱ्याचे उभे पीकच डवऱ्याखाली घालावे, तसे हे झाले. त्या घरी पुढच्या वर्षी कोण बोलावील?

याउलट एक चांगला प्रयोग मुंबईच्या आयआयटीत झाला आहे. तेथील प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने ‘स्पोकन ट्युटोरियल’ नावाचे सुमारे दहा-दहा मिनिटांचे बोलके पाठ तयार झाले. पडद्यावर कृती दिसते आणि आवाज ती समजावून सांगतो; तो आवाज मराठीतही मिळतो. पाठ ऐकावा, थांबवावा, शेजारी तीच कृती करून पाहावी, अशी रीत. तालुक्याच्या ठिकाणी तज्ज्ञ मास्तर नसला तरी अडत नाही. त्याच्या जोडीला ‘फॉसी’ प्रकल्पात विद्यार्थ्याने अभ्यासक्रमातले एखादे मान्य पुस्तक घ्यावयाचे, त्यातली सोडविलेली उदाहरणे सायलॅब किंवा पायथनसारख्या मुक्त साधनांत स्वतः मांडावयाची, आणि उत्तर पुस्तकाशी जुळते की नाही ते जाणत्यांनी तपासावयाचे. पार पडले की काम सर्वांसाठी खुले, विद्यार्थ्याला प्रमाणपत्र व मानधन. येथे काम लहान आहे, पण खरे आहे. तपासणी कडक आहे, आणि पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला त्याचा उपयोग आहे. पुण्यात चुकले ते नेमके येथे साधले.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आणखी एक दार आपल्यासाठी सताड उघडे आहे : ते भाषेचे. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावर दिसणारी वाक्ये बहुधा वेगळ्या यादीत ठेवलेली असतात. ती मराठीत आणावयास संगणकाची पदवी लागत नाही. इंग्रजी ‘सेव्ह’ला ‘जतन करा’ हा शब्द कोणीतरी बसून ठरविलाच ना? तो अंजनगावच्या संत्रा-बागाईतदाराला कळतो का, हे अंजनगावच्या मुलीइतके कोणाला ठाऊक असणार? ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे शालेय शिक्षण अमरावतीस झाले, आणि त्यांनी तेवीस खंडांचा ज्ञानकोश मराठी वाचकापुढे ठेवला. मराठी विकिपीडिया 1 मे 2003 पासून चालू आहे. त्यात आपल्या गावाचा, नदीचा, पिकाचा लेख धड नसेल, तर तो नीट करण्यास मुंबईहून कोणी यावयाचे नाही.

आपल्या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे नाव आहे. बाबा गावात शिरत ते हातात खराटा घेऊन. दिवसा गाव झाडून काढीत आणि मग रात्री कीर्तनास उभे राहत. सावडीत उतरणाऱ्या विद्यार्थ्याला यापरता चांगला पाठ नाही. आधी झाडून काढ : चुकीचे शब्द, अपुऱ्या सूचना, न चालणारी उदाहरणे. ते मन लावून केलेस, की पुढे तुझे बोलणे लोक ऐकतील. शिक्षकाने एवढे करावे की वर्गातील पाच मुलांना एकच लहान काम द्यावे, आलेली दुरुस्ती पाठविण्यापूर्वी स्वतः वाचावी, आणि उतरवून काढलेले काम परत करावे. पाचांची पन्नास होण्यास वेळ लागेल. लागू द्यावा. तिफण घाईने हाकली तर बी वरच राहते, हे या श्रोत्यांना मी सांगावयास नको.